न वापरताच बोथट होणारा स्टॉकमन: कोडं सुटलं (बहुतेक)

मंडळी, खरं तर आज पाच सोडबस्टरची (एका पात्याचे साधे घडीचे चाकू) तुलना द्यायची होती, मागच्या वेळी तसं कबूलही केलं होतं, पण ते राहू दे. त्या जुन्या स्टॉकमनने (खिशात मावणारा घडीचा चाकू) गेले तीन आठवडे माझं डोकं खाल्लंय आणि परवा रात्री एकदाचं कळलं की नेमकं काय होतंय, त्यामुळे आधी तेच.

आठवत असेल, जुन्या चाकूंच्या ढिगात आलेला, हाडाच्या मुठीचा, तीन पात्यांचा, टँगवरचा (पात्याच्या मुठीकडच्या मुळावरचा) कंपनीचा स्टँप अर्धा पुसलेला. केस (Case) ह्या अमेरिकन कंपनीचा असता तर सोपं होतं, त्यांनी १९७० पासून स्टँपखाली ठिपके द्यायला सुरुवात केली, पहिल्या वर्षी दहा आणि मग दरवर्षी एक कमी, ठिपके मोजले की साल हातात. ह्याच्यावर ठिपका नाही आणि धड अक्षरही नाही. कार्बन स्टील आहे एवढं नक्की, कारण पात्यावर मस्त करडा-निळा पॅटिना (वापराने चढलेला रंगाचा थर) आहे. पुल (पातं उघडायला लागणारा जोर) ७, हाफ-स्टॉप (अर्ध्यावर थांबायचा टप्पा) नाही, मोठ्या पात्याला आडवा हेलकावा जवळपास शून्य. ह्या भावात असा चाकू मिळत नाही म्हणून मी खूश होतो. दोन दिवस.

तक्रार अशी की क्लिप पातं रोज एकाच जागी बोथट व्हायचं. संध्याकाळी धार लावायची, आधी स्टोन, मग चामड्यावर वीस-वीस हात, कागद असा कापला जायचा की आवाजसुद्धा नाही. सकाळी खिशातून काढून तोच कागद धरला की टाचेपासून (धारेचं मुठीकडचं टोक) सर्र येतं, बरोब्बर मध्यावर अडखळतं, कागद फाटतो आणि पुढे परत सर्र. मधल्या वेळात काय कापलं? काहीच नाही! एक पाकीटसुद्धा नाही.

पहिला संशय अर्थातच स्वतःवर. म्हटलं बर (धार लावताना कडेला उरणारी धातूची बारीक किनार) राहिली असणार, तिच्यावरच कागद कापला जातोय आणि नंतर ती दुमडतेय. मग कोन थोडा वाढवून हलके हात, बाजू बदलत बदलत, शेवटी कापसावरून फिरवून बघितलं, एक तंतू अडकला नाही. सकाळी परत तेच.

दुसरा संशय स्टीलवर. आधीच्या मालकाने ग्राइंडरवर धरून मधला भाग तापवला असेल, कडकपणा गेला असेल. तशीही धार गेलेलीच होती, म्हणून बारीक कानस अगदी हलक्या हाताने टाचेपाशी आणि मध्यावर लावून बघितली, दोन्हीकडे सारखीच घसरली. म्हणजे मऊ नाही.

तिसरा संशय गंजावर, आणि ह्याने मला सगळ्यात जास्त फसवलं. १०९५ सारख्या साध्या कार्बन स्टीलमध्ये ०.९५ टक्क्यांच्या आसपास कार्बन असतो आणि क्रोमियम जवळजवळ नाहीच, त्यामुळे घामाच्या खिशात डोळ्यांना डाग दिसायच्या आधीच धारेचं टोक खाल्लं जाऊ शकतं. म्हणून एक रात्र चाकू तेलाने पुसून कोरड्या डब्यात ठेवला, आणि काय, सकाळी धार जशीच्या तशी! मी जाम खूश, घामच आहे म्हटलं, मग चार दिवस इमानदारीत तेल लावून खिशात ठेवला आणि चारही दिवस मध्यावर बोथट. तेलाने खिसा खराब झाला तो वेगळाच. तेव्हाच विचार करायला हवा होता की गंज असता तर बरोब्बर त्याच दोन मिलिमीटरवर कसा पडेल, पण एकदा एखादं कारण डोक्यात बसलं की बसलं.

उलगडा झाला तो फोनवर. मित्राशी बोलत होतो, हातात हाच चाकू, सवयीने उघड-मीट, उघड-मीट चाललेलं. तर तो म्हणतो, "अरे काय टिकटक वाजवतोयस मगासपासून?" टिकटक. टकटक नाही. फोन ठेवला आणि नुसतं ऐकत बसलो. सोडबस्टर मिटला की एकच भरीव 'टक्क'. हा मिटला की आधी बारीक 'टिक' आणि त्याला चिकटून 'टक'. इतके दिवस मी ह्या आवाजाचं वॉक अँड टॉक (उघड-मीट करतानाची चाल आणि आवाज) छान म्हणून कौतुक करत होतो, वहीत ९ मार्क दिलेत!

मग काळा परमनंट मार्कर घेतला (माझ्या मते ह्या छंदातलं सगळ्यात उपयोगी हत्यार हेच, दगडापेक्षाही), सगळी धार रंगवली, वाळू दिली आणि हळू, अंगठा देऊन दहा वेळा मिटला. रंग जागेवर. मग दहा वेळा सोडून, टक्क करून मिटला. मध्यावर मोहरीच्या दाण्याएवढा रंग गायब. टॉर्च लावून आत बघितलं तर पाठीच्या स्प्रिंगच्या आतल्या अंगाला, मधल्या पिनेसमोर, एक चकचकीत रेघ. म्हणजे रॅप. धार प्रत्येक वेळी जाऊन स्प्रिंगवर आपटत होती आणि मी तीन आठवडे बर, स्टील आणि घामाला शिव्या घालत होतो. डब्यात का टिकली ते आता उघड आहे, डब्यात उघड-मीट करायला माझा हात नव्हता.

गंमत म्हणजे चाकू नुसता मिटलेला असताना धार टेकत नाही. कागदाची पट्टी खाली सरकवली तर सहज बाहेर येते, आणि ही तपासणी मी पहिल्याच दिवशी केली होती, म्हणून रॅप मनातून काढूनच टाकला होता. पण सोडून मिटताना पातं वेगात येतं, किक (टँगवरचा छोटा उंचवटा, मिटलेलं पातं ह्याच्यावर टेकतं) स्प्रिंगवर आदळते, स्प्रिंगचं ते टोक क्षणभर बाहेर दबतं, तेवढ्यात पातं आपल्या जागेच्या केसभर खाली जाऊन परत वर येतं. स्प्रिंग मध्यावर सगळ्यात जाड, म्हणून मार तिथेच. तेव्हा कागदाच्या पट्टीवर विश्वास ठेवू नका, मार्कर आणि सोडून मिटणं, हीच खरी परीक्षा.

आता किक इतकी खाली का? भिंगातून बघितलं तर किकवर कानशीचे आडवे ओरखडे, बाकी टँग जुन्या पॅटिनाने काळा आणि तेवढीच जागा उजळ. कोणीतरी मुद्दाम घासलीय. मनात म्हटलं, काय अडाणी माणूस.

इथे एक गोष्ट सांगायचीच आहे. विक्रेत्याने फोटो दिले होते सहा, सहाही चाकू पूर्ण उघडा ठेवून काढलेले, वर पॉलिश इतकं मारलेलं की उरलासुरला स्टँप त्यातच गेला असणार. जुना चाकू घेताना मिटलेल्या चाकूचा वरून काढलेला फोटो, अर्ध्यावर उघडलेला एक आणि किकचा जवळून एक, एवढे मागायचेच. देत नसेल तर सोडून द्या. आणि हो, चाकू बफवर (पॉलिशच्या फिरत्या चाकावर) धरणाऱ्यांचं काय करावं कळत नाही.

उपाय पहिला, चामडं. पातं बसतं त्या खाचेत, मधल्या पिनेपाशी, पातळ तुकडा चिकटवला. रॅप बंद! धार दोन दिवस टिकली, मी नाचलो. तिसऱ्या दिवशी धारेवर, चामड्याला टेकते तेवढ्याच भागात, नारिंगी ठिपके. चामडं ओल धरतं आणि कार्बन स्टीलला ते चालत नाही. स्टेनलेस पातं असतं तर मी इथेच थांबलो असतो, तुमचा ४४०ए किंवा ४२०एचसी असेल तर बिनधास्त करा. (४४०ए ला उगाच नाकं मुरडतात लोक, हीट ट्रीटमेंट नीट असेल तर रोजच्या कामाला झकास आहे, माझ्या स्वस्तातल्या चिनी स्लिपजॉइंटांपैकी (लॉक नसलेले, स्प्रिंगवाले चाकू) तीन तरी ह्याची साक्ष देतील.)

उपाय दुसरा, किक ठोकून वाढवणं. धारेला दोन थर टेप गुंडाळली, पातं अर्ध्यावर उघडं ठेवून टँगखाली पोलादी ठोकळा, आणि किकच्या बाजूवर बारीक पंचने टुक टुक. टँग कडक असेल तर टवका उडायची भीती असते, म्हणून दर चार ठोक्यांनी भिंगातून बघत होतो. अर्धा तास गेला पण किक केसभर फुगली. मार्कर लावला, पंधरा वेळा सोडून मिटला, रंग जागेवर. त्या रात्री शांत झोपलो.

सकाळी खिशात हात घातला आणि बोटाला टोचलं. किक वर आली म्हणजे पातं वर आलं, पातं वर आलं म्हणजे टोक लायनरच्या (मुठीच्या आतल्या धातूच्या पट्टीच्या) वर डोकावायला लागलं. खिशातले धागे ओढायला लागलं. मग मी कानस काढली, किकवर टेकवली आणि तिथेच हात थांबला, कारण मी अगदी तेच करत होतो जे त्या "अडाणी" माणसाने केलं होतं. त्यालाही टोचलं असणार. सॉरी बाबा.

मग तसाच ठेवून दिला आणि राग शांत करायला दुसऱ्या कामांना लागलो. त्यातली दोन जमली. एक, तो खरखरणारा बार्लो (हाही घडीचा चाकूच). गरम पाणी, भांड्यांचं लिक्विड आणि जुना टूथब्रश घेऊन जॉइंट धुतला, उघड-मीट करत राहिलो, आतून काळं पाणी येतच होतं, चौथ्या वेळेला स्वच्छ आलं. पूर्ण वाळवून एक थेंब मिनरल ऑइल. आता असा चालतो की विचारू नका. काही सुटं करायच्या आधी धुवा, धुवा, धुवा. दोन, हिगोनोकामीचं (जपानी घडीचा चाकू) ढिलं पातं. स्प्रिंग नाही, लॉक नाही, सगळा खेळ घर्षणाचा, त्यामुळे रिव्हेट ऐरणीवर टेकवून हातोडीचे तीन हलके ठोके पुरले. चौथा मारला असता तर चिकिरी (पातं उघडायची मागची शेपटी) दाबायला पक्कड लागली असती.

ह्याच नादात संग्रहातल्या सगळ्या स्प्रिंगवाल्या चाकूंची मार्कर परीक्षा घेतली. १९ पैकी ४ रॅप करतात! त्यातला एक मी "धार टिकत नाही" म्हणून वहीत लाल शाई मारून बाजूला टाकला होता, बिचारा. ओपिनेल (फ्रेंच, लाकडी मुठीचा) आणि हिगोनोकामी ह्या भानगडीतून सुटले, त्यांना पाठीची स्प्रिंगच नाही. ओपिनेलची ती फिरणारी रिंगसुद्धा १९५५ ची, त्याआधी १८९० पासून तो नुसत्या घर्षणावर चालत होता. साधेपणाचे फायदे. माझ्या वहीत आता पुल आणि सेंटरिंगच्या (मिटलेलं पातं मधोमध बसतं का) शेजारी रॅपचा रकाना आलाय, आणि सोडबस्टरच्या तुलनेतही तो येणार, म्हणून ती आणखी लांबली, क्षमस्व.

हे सगळं लिहीत होतो आणि "त्यालाही टोचलं असणार" ह्या वाक्यापाशी आलो तेव्हा डोक्यात आलं, मुळात टोचायला का लागलं? कारखान्यातून असं टोक वर ठेवून कोणी पाठवत नाही. उठून पातं परत बघितलं. टोकाकडचा पोटाचा (धारेच्या फुगीर वळणाचा) भाग घासून घासून पार सपाट झालाय, मधली रुंदी मात्र शिल्लक आहे. म्हणजे त्याने वर्षानुवर्षं टोकाकडेच धार लावली, तसतसं टोक पाठीकडे सरकलं, मिटल्यावर वर डोकावायला लागलं, म्हणून किक घासली, पातं खाली बसलं आणि न झिजलेलं मधलं पोट स्प्रिंगवर आपटायला लागलं. सगळी साखळी लागली! आणि ह्याचा अर्थ किकला हात लावायचीच गरज नव्हती, मधलं पोट खाली आणायला हवं होतं.

लिखाण तिथेच सोडलं. आधी किक होती तेवढी परत घासली, टोक आत गेलं. मग डायमंड प्लेट घेतली (त्या स्वस्त प्लेटांवर छापलेला ग्रिटचा आकडा बघू नका, माझी १००० वाली पहिले दोन महिने ४०० सारखी चावत होती, पण असल्या कामाला तेच बरं) आणि पातं सरळ उभं धरून, प्लेटच कापतोय असं, मध्यावर ओढत राहिलो. स्वतःच्या हाताने लावलेली धार अशी मारून टाकताना पोटात कालवतं. व्हर्नियरने मध्यावर आधी १२.१ मिलिमीटर होतं, आता ११.५. पोटाची वळणदार रेघ परत दिसायला लागली, चाकू दहा वर्षांनी तरुण दिसतोय. मग जाड झालेली बाजू पातळ करण्यात दीड तास, अंगठा अजून दुखतोय.

मार्कर लावला. दहा वेळा सोडून मिटला, रंग जागेवर. वीस, जागेवर. आवाजसुद्धा बदलला, एकच टक्क. तिसाव्याला मात्र भिंगातून सुईच्या टोकाएवढा ठिपका दिसतोय, नुसत्या डोळ्यांनी नाही. बहुतेक अजून एक-दोन दशांश मिलिमीटर काढावं लागेल, पण ते आज नाही, थकलेल्या हाताने काढलेलं परत लावता येत नाही. तोवर अंगठा देऊन हळू मिटतोय, आणि फोनवर बोलताना बार्लो हातात धरतोय.