अर्धा किलोमीटर पाणी

नकाशावर बेटं बघत बसायचा मला नाद आहे. त्यातही एखादं ओसाड पडलेलं बेट सापडलं की मी तिथंच रेंगाळतो. अशा बेटांचं आपल्या डोक्यात एक ठरलेलं चित्र असतं: चहूकडे अथांग समुद्र, महिनोन्‌महिने जहाजाचा पत्ता नाही, वगैरे. स्कॉटलंडच्या वायव्येकडच्या आउटर हेब्रिडीज या बेटांच्या माळेतलं स्कार्प या चित्रात काही केल्या बसत नाही. शेजारच्या मोठ्या हॅरिसच्या पश्चिम किनाऱ्यावर हशिनिश नावाची वाडी आहे. तिथल्या पांढऱ्याशुभ्र पुळणीवर उभं राहिलं की स्कार्प समोरच. मधे पाणी किती, तर जेमतेम अर्धा किलोमीटर. म्हणजे कोपऱ्यावरच्या वाण्याकडे जाऊन येण्याइतकं. आणि तेवढ्या पाण्यापायी बेट रिकामं झालं.

बेट सुमारे 10 चौरस किलोमीटरचं. मधला डोंगर 308 मीटर उंच. खाली ल्युइसियन नाइस नावाचा कठीण खडक, जवळजवळ 300 कोटी वर्षांचा, म्हणजे त्यात नांगर चालवायचा प्रश्नच नाही. माती होती ती हॅरिसकडे तोंड करून असलेल्या कडेला, आणि वस्तीही तिथेच. थोडे बटाटे, थोडे ओट, मेंढ्या, चार गाई, समुद्रातली शेवंडं, आणि बोली गेलिक, म्हणजे तिथली जुनी भाषा. एवढ्या शिदोरीवर 1881 साली तिथे 213 माणसं राहत होती. मला त्या खडकापेक्षा या आकड्याचंच जास्त नवल वाटतं.

खाडी अरुंद असली तरी भोळी नव्हे. तळाला वाळूचे दांडे, त्यांच्यावरून खेचून नेणारा प्रवाह, आणि पश्चिमेकडून थेट अटलांटिकचं वारं. वारं पडलं तर होडी सुटायची, नाहीतर समोरच्या घरांतला धूर बघत बसायचं. त्यात पलीकडे पोचलात म्हणजे सुटलात असंही नाही. हशिनिशहून टार्बर्ट गावापर्यंत पंचवीसेक किलोमीटरचा वळणावळणाचा एकपदरी रस्ता. हा रस्ता वाटेत चक्क एका जमीनदारी किल्ल्याच्या दारासमोरून जातो.

जानेवारी 1934 मध्ये स्कार्पवरच्या एका बाईला कळा सुरू झाल्या. ऐंशी ओलांडलेल्या सुईणीने मुलगी सुखरूप जन्माला घातली, पण बाईची अवस्था काही ठीक दिसेना. डॉक्टरला बोलवावं तर पलीकडे हशिनिशचा टेलिफोन बंद. शेवटी बाळंतिणीला होडीतून खाडीपार नेलं, तिथून टार्बर्टला आणि तिथून पार उत्तरेकडच्या ल्युइसमधल्या स्टॉर्नोवेच्या इस्पितळात. तिथे, पहिलीनंतर दोन दिवसांनी, दुसरी मुलगी झाली. जुळ्या बहिणी, पण एकीचं जन्मस्थान स्कार्प आणि दुसरीचं ल्युइस. कौंटी, म्हणजे जिल्हासुद्धा वेगळा, कारण स्कार्पसकट हॅरिस तेव्हा इन्व्हर्नेसशायरमध्ये होतं आणि ल्युइस रॉस अँड क्रोमार्टीत. वर्तमानपत्रांना याहून चांगली बातमी कुठली मिळणार! मला मात्र त्या होडीतल्या बाईचं काय झालं असेल, याच विचाराने पोटात गोळा येतो. नुकतीच झालेली बाळंतीण, अजून पोटात एक, आणि जानेवारीतला अटलांटिक.

बातमीचा बोभाटा झाला आणि त्याच उन्हाळ्यात बेटाला उपाय सापडला. उपाय म्हणजे रॉकेट! गेरहार्ड त्सुकर हा पंचविशीतला जर्मन तरुण रॉकेटने टपाल पाठवायच्या खटपटीत होता. जुळ्यांच्या बातमीमुळेच स्कार्पची निवड झाली, असं सांगतात. 28 जुलै 1934 रोजी किनाऱ्यावर मंडळी जमली. साडेतीनेक फुटांच्या नळकांड्यात पत्रांचे गठ्ठे ठासले, बत्ती दिली, आणि धडाम! धूर विरला तेव्हा पत्रं खाडीपार न जाता जळक्या कडांनिशी वाळूवर विखुरलेली होती. काही दिवसांनी दुसरा प्रयोग झाला, त्याचीही तीच गत. दोष रॉकेटातल्या स्फोटक दारूच्या भरणीला दिला गेला. त्सुकरची पुढे जर्मनीला पाठवणी झाली. ती होरपळलेली पाकिटं मात्र स्फोटात खराब झाल्याचा शिक्का लेवून संग्राहकांच्या हाती गेली आणि आजही चढ्या भावाने विकली जातात.

हसावं तर आपल्याकडेही त्याच वर्षी स्टीफन स्मिथ नावाचा कलकत्त्याचा गृहस्थ जहाजावरून सागर बेटाकडे टपालाची रॉकेटं सोडत होता. पुढच्या वर्षी त्याने एक कोंबडा आणि एक कोंबडी रॉकेटात बसवून दामोदर नदीपार धाडली, आणि दोघं जिवंत पोचली. तो काळच तसा होता, रॉकेटने सगळं सुटेल असं वाटण्याचा.

स्कार्पचं काही सुटलं नाही. तरणी पोरं कामधंद्यासाठी बाहेर पडली, मागे म्हातारी उरली, आणि होडी ओढायला तर चार दणकट हात लागतात. 1971 मध्ये शेवटचं बिऱ्हाड हललं. काही घरं अजून शाबूत आहेत. उन्हाळ्यात हौशी मंडळी येऊन राहतात, म्हणजे वारं पडलेलं असेल तर.

आता याच हेब्रिडीजमधली दुसरी बेटं बघा. हॅरिसच्याच दुसऱ्या अंगाला स्कॅल्पे आहे. तिथली खाडीही अशीच चिंचोळी. तिच्यावर 1997 मध्ये पूल झाला, आणि तिथे आज शेकडो माणसं नांदतायत. दक्षिणेकडच्या व्हॅटरसेची कथा तर आणखी मजेची. त्या बेटावरून गुरं शेजारच्या बेटावर न्यायची म्हणजे होडीला बांधून पोहत न्यायची. 1986 मध्ये अशाच फेरीत बर्नी नावाचा एक उमदा वळू बुडाला. मग मात्र एवढा गहजब झाला की सरकारला जाग आली, आणि 1991 पर्यंत दगडांचा बांध घालून वरून रस्ताही झाला. स्कार्पच्या नशिबी जुळ्या मुली आल्या, जर्मन शास्त्रज्ञ आला, रॉकेट आलं. वळू काही बुडाला नाही.