सोमवारची घबराट

ओपीडीत मुलांना पेशंटसमोर बसवण्याआधी मी त्यांच्याकडून एक चिठ्ठी घेते. पेशंटशी बोलण्याचा आत्मविश्वास किती, 10 पैकी? 2019च्या बॅचपासून एमबीबीएसला संवाद आणि वागणुकीचं 'एटकॉम' आलं, तेव्हापासूनची ही खोड. त्या बुधवारी एकाने 9 लिहिले, एकीने 4. दोघंही इंदूरच्या मराठी घरातली, म्हणजे भाषेची सबब नव्हती.

समोर रामबागेतल्या सत्तरीच्या आजी. तक्रार एकच: "घबराट होते." आमच्या इंदुरात हा फार फसवा शब्द. धडधड, दम, गॅस, सुनेशी झालेलं भांडण, सगळं घबराटच!

9वाल्याने फैरी झाडल्या. छातीत दुखतं? जिना चढताना दम? गोळ्या वेळेवर? आजी हो-नाही करत राहिल्या. केस मात्र त्याने सुरेख मांडली. परीक्षेत मी भरघोस मार्क दिले असते. डॉक्टर सरासरी 18 सेकंदांत पेशंटचं बोलणं तोडतात, असं 1984च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं होतं. आमच्या पठ्ठ्याने तेवढीही वाट पाहिली नाही.

4वालीने स्टूल पुढे ओढलं. "आजी, मागच्या वेळी झालं तेव्हा काय करत होतात?"

आजींनी पुतण्याच्या लग्नापासून सुरुवात केली. मी घड्याळ पाहिलं. पोरगी नुसती "हं" म्हणत होती.

"...सोमवारीच होतं गं. देवळात घाम फुटतो, हात थरथरतात. प्रसादाचा पेढा खाल्ला की बरं वाटतं."

"सोमवारी जेवता कधी?"

"संध्याकाळी. श्रावणापासून सोळा सोमवार धरलेत."

"आणि शुगरची गोळी?"

"ती सकाळीच. चुकवायची नाही, डॉक्टरीणबाईंनी बजावलंय ना!"

गोळी ग्लिमेपिराइड. पोटात अन्न असो-नसो, ती इन्शुलिन स्रवायला लावतेच, आणि उपाशीपोटी शुगर घसरते. ओपीडीला आजी खाऊनपिऊन यायच्या, त्यामुळे शुगर कधी कमी दिसलीच नव्हती.

त्या डॉक्टरीणबाई म्हणजे मी. दीड महिन्यापूर्वी याच घबराटीसाठी ईसीजी काढला, नॉर्मल आला, म्हणून मी झोपेची गोळी लिहून दिली होती. केसपेपर टेबलावर उघडाच होता. मुलांना म्हटलं, "अक्षर माझंच आहे."

आता उपास सोडा म्हणून सांगणार, तेवढ्यात पोरीनेच विचारलं, "आजी, दुपारी थोडं फराळाचं चालेल?"

"बघते बाई. सोळांतले अकरा झालेत."

मी गोळी बदलून दिली.