शिक्का, शाई आणि शुभेच्छापत्रे

आजची दुपार रबरी शिक्के आणि शाईची पॅडे घेऊन शुभेच्छापत्रे करण्यात गेली आणि या कामात चित्रकलेपेक्षा शाईची पारख अधिक लागते, हे पुन्हा पटले. डाय शाई, म्हणजे विरघळलेल्या रंगाची शाई, कागदात मुरून चटकन वाळते, परंतु जलरंग भरताना ती बहुधा पसरते. याउलट पिगमेंट शाई, म्हणजे रंगाचे बारीक कण असलेली शाई, पृष्ठभागावर सावकाश वाळते आणि म्हणूनच तिच्यावर एम्बॉसिंग पावडर भुरभुरून, जास्तीची झटकून, हीट गनने, म्हणजे अतिगरम हवा सोडणाऱ्या उपकरणाने, वितळवली की साधी रेषादेखील उठावदार व चकचकीत होते. (केस वाळवायचे यंत्र येथे निरुपयोगी, त्याची उष्णता अपुरी पडते आणि वारा पावडर उडवून लावतो.) भुकटी वितळून चमकू लागते तो क्षण मला सगळ्यात आवडतो.

मोठ्या शिक्क्यावर पॅडच उलटे धरून हलकेच थोपटावे, म्हणजे शाई सर्वत्र सारखी लागते. ठसा उमटवताना दाब सरळ द्यावा; शिक्का डोलला की कडांचे डाग कागदावर उतरतात. रंग बदलताना शिक्का ओल्या फडक्याने पुसणे कंटाळवाणे असले तरी मी ते टाळत नाही, कारण काळ्या शाईचा अंश लागलेले पिवळे पॅड पुन्हा पूर्वीसारखे पिवळे उमटत नाही.