लेकासाठी थेरपिस्ट शोधताना

ठाण्यात घोडबंदर रोडवरचं पहिलं थेरपी सेंटर एकदम चकाचक, पण आईबाबांनी बाहेरच बसायचं, आत डोकवायचंही नाही आणि तीन महिन्यांची फी आधीच भरायची म्हणे. पोरगा बाहेर आला तो माझी ओढणी तोंडात कोंबूनच. म्हटलं, नको बाबा!

नौपाड्यातल्या थेरपिस्ट ताई मात्र आधी अर्धा तास त्याच्यासोबत फरशीवर बसून नुसती झुकझुक गाडी ढकलत होत्या, मग मला विचारलं की तो हात चावतो त्याच्या जरा आधी काय होतं आणि चावल्यावर तुम्ही काय करता. मी गप्पच, कारण चावला की मी मोबाईल देते ना, म्हणजे चावण्याचं बक्षीसच! रिहॅबिलिटेशन कौन्सिलचा (अशा तज्ज्ञांची नोंदणी करणारी सरकारी संस्था) रजिस्ट्रेशन नंबर मागितला तर न चिडता सर्टिफिकेटच दाखवलं. सोमवारपासून जातोय, रिक्षाचं भाडं बघून नवरा कुरकुरतोय.