तुरट ज्वारी आणि पाखरं

ज्वारी हुरड्यात आली की पाखरं तुटून पडतात, मग माळ्यावर उभं राहून गोफण फिरवा, डबे बडवा. आफ्रिकेत तर क्वेलिया नावाच्या, चिमणीपेक्षाही लहान असलेल्या पक्ष्यांचे लाखोंचे थवे शेतं साफ करतात, म्हणून तिकडे बऱ्याच ठिकाणी मुद्दाम टॅनिनवाली, म्हणजे तुरट ज्वारी लावतात. दाण्याच्या सालीखाली रंगीत थर असतो, त्यातलं टॅनिन तोंडातल्या प्रोटीनला चिकटतं आणि तोंड आवळतं, कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखं, कोवळ्या दाण्यात तर जास्तच. पाखरं थोडं टिपून दुसरीकडे जातात. पण दुसरं काही खायलाच नसेल तर? मग तुरटही चालतं, भूक काय करणार! आपली मालदांडी पांढरी, गोड, म्हणजे पाखरांची मेजवानीच. तुरट वाण लावावं तर भाकरी कोण खाणार, आणि पचायलाही जड, त्यापेक्षा गोफण परवडली.