केमोथेरपीपूर्वी स्त्रीबीजे गोठवताना विम्याने काय दिले आणि काय नाकारले

स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाल्यानंतर केमोथेरपी सुरू होईपर्यंत जे थोडे आठवडे मिळतात, त्यातच स्त्रीबीजे काढून गोठवण्याचे काम उरकावे लागते. माझ्या औषधांत सायक्लोफॉस्फामाइड असणार होते आणि ते बीजांडकोशांना विशेष घातक असते. त्यामुळे पुढे मूल हवे असेल तर निर्णय आत्ताच घ्या, असे पुण्यातील माझ्या कर्करोगतज्ज्ञ डॉक्टर मॅडमनी स्पष्ट सांगितले. वैद्यकीय बाजू त्या मानाने सरळ होती. पाळीची वाट न पाहता कोणत्याही दिवशी इंजेक्शने सुरू करता येतात, ती साधारण दहा ते चौदा दिवस चालतात, आणि माझी गाठ संप्रेरकांना प्रतिसाद देणारी असल्याने इस्ट्रोजेन फार वाढू नये म्हणून सोबत लेट्रोझोलच्या गोळ्या होत्या. अडचण खर्चाची होती. इंजेक्शने, स्त्रीबीजे काढणे आणि पहिल्या वर्षाची साठवणूक धरून अंदाज दोन लाखांच्या आसपास गेला, आणि कॅशलेसची विनंती टीपीएकडून (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेकडून) लगेच नामंजूर होऊन आली.

नामंजुरीच्या पत्रात अपवाद क्रमांक १७ चा उल्लेख होता. अपवाद म्हणजे ज्या खर्चाला विमा लागू होत नाही अशी बाब. आरोग्य विम्यातील नेहमीच्या अपवादांची भाषा आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने सर्व कंपन्यांसाठी एकसारखी ठरवून दिली आहे, आणि त्यातील सतरावा अपवाद वंध्यत्वाशी संबंधित खर्चाचा आहे. आयव्हीएफ, इक्सी (स्त्रीबीजात थेट शुक्राणू सोडण्याची पद्धत), सरोगसी, तसेच गर्भनिरोध आणि नसबंदीसुद्धा त्यातच येतात. कर्करोगाच्या रुग्णाचा तेथे वेगळा विचार केलेला नाही.

माझे म्हणणे असे होते की मी वंध्यत्वावर उपचार घेतच नव्हते, तर कर्करोगावरील उपचारामुळे होणारी हानी टाळत होते. केमोमुळे उलट्या होऊ नयेत म्हणून दिलेली औषधे आणि पांढऱ्या पेशी घसरू नयेत म्हणून दिलेली इंजेक्शने कंपनी पुढे एकही प्रश्न न विचारता मंजूर करत गेली. तीही औषधे आजारावरची नसून उपचाराच्या दुष्परिणामांवरचीच असतात. बीजांडकोशांच्या बाबतीत मात्र हाच न्याय लागू होत नाही. हा युक्तिवाद मला आजही बिनतोड वाटतो, पण करारात अपवाद शब्दशः छापलेला असताना केवळ त्याच्या जोरावर पैसे मिळतील, अशी आशा मी ठेवली नाही.

उपयोग झाला तो दुसऱ्याच कागदाचा. नोकरीच्या ठिकाणच्या समूह विम्यात मूळ करार कंपनीच्या नावाने असतो आणि कर्मचाऱ्याच्या हाती ई-कार्ड आणि लाभांचा एखादा तक्ता एवढेच येते. मी एचआरकडे संपूर्ण पॉलिसी आणि तिला जोडलेली सर्व एंडॉर्समेंट, म्हणजे मूळ करारात बदल करणारी पुरवणी पत्रे, लेखी मागितली. त्यांत ‘वंध्यत्व उपचार’ हा जादा लाभ ५० हजार रुपयांच्या मर्यादेत घेतलेला होता, म्हणजे सतरावा अपवाद आमच्या पॉलिसीपुरता तेवढ्या रकमेपर्यंत शिथिल केलेला होता. आमच्या तक्त्यात ही ओळच नव्हती!

या लाभाखाली केलेला दावाही आधी परत आला. कारण असे की वंध्यत्वाचे निदान झालेले नाही. केमो पूर्ण होऊन निदान होईल तेव्हा गोठवण्यासाठी काही उरलेलेच नसेल, ही साधी गोष्ट टीपीएच्या डेस्कवर कोणाला पटेना. मग विमा कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्यांना पत्र लिहिले. सहायक प्रजनन तंत्रज्ञानाच्या २०२१ च्या कायद्यात वंध्यत्वाची जी व्याख्या आहे, तिच्यात वर्षभर प्रयत्न करूनही गर्भधारणा न होणे एवढेच नाही, तर गर्भधारणेला अडथळा आणणारे अन्य सिद्ध वैद्यकीय कारणही धरलेले आहे, हे त्यात नमूद केले. सोबत कर्करोगतज्ज्ञांचे पत्र जोडले. त्यात निदान, ठरलेली औषधे, त्यांचा बीजांडकोशांवरील परिणाम, केमो लांबवता न येण्याचे कारण आणि स्त्रीबीजे गोठवण्याचा सल्ला स्वतः दिल्याची तारीख, असे सर्व होते. पहिल्या अर्जासोबतचे पत्र प्रजनन केंद्राचे होते. कर्करोगतज्ज्ञांच्या सहीने प्रकरणाचा रंग बदलला, असे माझे मत आहे. एचआरनेही ब्रोकरमार्फत पाठपुरावा केला, आणि समूह विम्यात त्या दबावाला वजन असते. अखेर ५० हजार मिळाले, पण तोपर्यंत केमो अर्ध्यावर आली होती. पैसे आधी स्वतः भरण्याची तयारी ठेवावीच लागते.

केमोच्या काळात बीजांडकोशांना विश्रांती देण्यासाठी दर अठ्ठावीस दिवसांनी गोसेरेलिनचे इंजेक्शन होते. त्यावरही टीपीएने ‘हे प्रजननासाठी आहे का’ अशी विचारणा केली. संप्रेरकांना प्रतिसाद देणाऱ्या कर्करोगात हे इंजेक्शन उपचाराचाही भाग असते, आणि डॉक्टरांनी तसे लेखी दिल्यावर ती सर्व बिले केमोच्या दाव्यात मंजूर झाली.

उरलेल्या रकमेसाठी विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या विमा लोकपालांकडे जावे का, याचा आम्ही विचार केला. तेथे शुल्क नाही, वकील लागत नाही आणि चालतही नाही. आधी कंपनीकडे तक्रार करून महिनाभर थांबावे लागते आणि कंपनीच्या अंतिम नकारानंतर एका वर्षाच्या आत जावे लागते. परंतु आमच्या जादा लाभाची मर्यादा संपलेली होती आणि त्यापलीकडे छापील अपवाद उभा होता, म्हणून तो मार्ग सोडला. जादा लाभ असूनही कंपनी अडून बसली असती, तर मी नक्की गेले असते.

प्रजनन केंद्रातील संमतिपत्रांना मात्र वेळ राखून ठेवावा. माझा मृत्यू झाल्यास किंवा मी निर्णय घेण्याच्या स्थितीत नसल्यास या बीजांचे काय करावे, याची लेखी सूचना दिल्याशिवाय कायद्याने ती गोठवता येत नाहीत, आणि शस्त्रक्रियेचे टाके ओले असताना ते नवऱ्यासोबत बसून ठरवणे विम्याच्या कोणत्याही पत्रव्यवहारापेक्षा कठीण गेले. साठवणुकीचे वार्षिक शुल्क आमच्या पॉलिसीत कोठेच बसत नाही. ते आम्ही दरवर्षी स्वतः भरतो.