उजवी स्किड

प्रचाराच्या दिवसांत हेलिकॉप्टरबरोबर इंजिनिअर म्हणून फिरताना मी आधी जमीन बघतो. निलंग्याला २५ मे २०१७ रोजी तेव्हाचे मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचं हेलिकॉप्टर उडाल्याउडाल्या तारांत अडकून कोसळलं. सुदैवाने सगळे वाचले. तेव्हापासून हेलिपॅडजवळच्या तारांची चौकशी सगळेच करतात. मातीची कोणी करत नाही.

मराठवाड्यातल्या एका शाळेचं मैदान होतं. धूळ उडू नये म्हणून फक्कीच्या एचवर टँकरने भरपूर पाणी मारलेलं, खाली काळी माती. सभा लांबली तोवर हेलिकॉप्टर तिथंच उभं. साहेब धावतपळत आले, पुढची सभा गाठायची होती. मी मागे, कानाला हेडसेट.

कॅप्टननी कलेक्टिव्ह, म्हणजे हेलिकॉप्टर वर-खाली नेणारा दांडा, ओढला. एरवी आमची उजवी स्किड, म्हणजे चाकांऐवजी खाली असते ती आडवी दांडी, जमिनीवरून आधी सुटते. त्या दिवशी डावी सुटली, उजवी चिखलात रुतलेलीच. हेलिकॉप्टर उजवीकडे झुकायला लागलं. अशा वेळी रुतलेली स्किड बिजागरीसारखी होते आणि रोटरचा, म्हणजे वरच्या फिरत्या पात्यांचा, जोर यंत्राला वर न नेता त्या बिजागरीभोवती फिरवतो. साधारण १५ अंशांपुढे गेलं की सायक्लिक, म्हणजे हेलिकॉप्टर हव्या त्या बाजूला झुकवणारा दांडा, पूर्ण उलटा दाबूनही सावरत नाही. आमच्या हेलिकॉप्टरमध्ये शेपटीचा पंखाही उजवीकडेच ढकलतो. वाचायचं तर कलेक्टिव्ह खाली करायचा, एवढंच. पण माणसाचा हात घाबरला की वर ओढतो, आणि अनुभवी कॅप्टननीही नेमकं तेच केलं.

"सर, डाउन! डाउन!" को-पायलट ओरडला आणि त्याने स्वतःच्या बाजूचा कलेक्टिव्ह खाली दाबला. डावी स्किड धप्पकन टेकली. माझ्या खिडकीतून पात्यांची टोकं जमिनीच्या इतकी जवळ दिसली होती की पुढची सभा, वेळ, सगळं डोक्यातून गेलं.

त्या पोराचं मला फार कौतुक वाटतं. वयाने, हुद्द्याने मोठ्या माणसाच्या हाताविरुद्ध हात चालवायला धाडस लागतं, आणि विचार करायला सेकंदही नव्हता.

इंजिन बंद झाल्यावर कॅप्टननी साहेबांना स्वच्छ सांगितलं, "गाडीने जा." फावड्याने माती काढली तेव्हा उजवी स्किड जवळजवळ पूर्ण गाडलेली निघाली. लँडिंग गिअर तपासून होईपर्यंत संध्याकाळ झाली. कॅप्टननी घडलं तसं, स्वतःची चूक न लपवता रिपोर्टमध्ये लिहिलं.

आता मी टेकऑफआधी दोन्ही स्किड पायाने ठोकून बघतो. टँकरवाल्यालाही सांगतो, "दादा, आदल्या रात्री नको, सकाळी हलकंसं शिंपडा."